वीतभर जास्त

पट्टीवरचं शेवाळ घासता घासता पाणीमास्तरांच्या हातातून ब्रश सुटला आणि नदीत पडला. पावसाळ्याला अजून अवकाश होता, नदी अगदी गरीब गायीसारखी वाहत होती, पण ब्रश काही त्यांच्यासाठी थांबला नाही. पुलाच्या दुसऱ्या कमानीखालून तो दिसेनासा झाला तरी मास्तर पायरीवर तसेच वाकून बघत राहिले.

"अहो, किती घासाल?" वरून बायको ओरडली. "पट्टीचा रंग जाईल, आकडे जातील, मग वाचाल काय?"

"येतोय."

"मघाशीही येतोयच म्हणालात. चहा गार ढोण झालाय. आणि ते लोक दहाला येणार आहेत, अंघोळ तरी करून जा."

मास्तर गुडघ्यावर हात टेकत एकेक पायरी चढू लागले. त्यांनी आयुष्यात कुणाला शाळेत एक तासभरही शिकवलेलं नव्हतं. पण पुलाच्या खांबावर रंगवलेली ती पांढरी पट्टी, तिच्यावरच्या सेंटीमीटरच्या काळ्या रेघा आणि पाणी कुठल्या रेघेला टेकलंय ते सांगणारा हा माणूस, एवढ्यावरून गावाने त्यांना मास्तर करून टाकलं होतं. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. पट्टी बघायची, पुलाजवळच्या कोठडीत येऊन शहरातल्या कंट्रोल रूमला फोन करायचा, आकडा सांगायचा, आणि मग तोच आकडा कोठडीबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहायचा. नदी फुगली की दर तासाला हेच. आकडा सहा मीटर झाला की कंट्रोलने बटण दाबायचं. मग गावातला भोंगा वाजायचा आणि खालच्या आळीतले लोक हाताला लागेल ते उचलून चढावर पळायचे. सत्तावीस वर्षं मास्तर हीच नोकरी करत होते, आणि एक दिवसही त्यांनी फोन चुकू दिला नव्हता.

मात्र या सत्तावीस वर्षांत, पहिलं वर्ष सोडलं तर, त्यांनी खरा आकडा एकदाही सांगितला नव्हता.

पट्टीवर दोन दहा दिसलं की मास्तर दोन तीस म्हणत. चार मीटर असलं की चार वीस. बरोबर वीस सेंटीमीटर, म्हणजे अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेली त्यांच्या हाताची एक वीत. कधी कमी नाही, कधी जास्त नाही. चुकून नव्हे, जाणूनबुजून.

नोकरीच्या पहिल्या वर्षी ते असे नव्हते. तेव्हा ते तरणेबांड होते, नजर घारीसारखी होती आणि आकड्याच्या बाबतीत ते भलतेच काटेकोर होते. त्या वर्षी नदी चढली तेव्हा त्यांनी कंदील पट्टीजवळ नेऊन, पावसात डोळे चोळून आकडा वाचला: पाच शहाण्णव. तोच त्यांनी फोनवर सांगितला. सहाला चार सेंटीमीटर कमी, म्हणून भोंगा वाजला नाही. पुढचा फोन तासाने करायचा होता. त्या तासाभरात नदी खालच्या आळीत शिरली. अकरा माणसं गेली. त्यात मास्तरांची थोरली वहिनी होती. आई गेल्यावर त्यांना न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं ते तिनेच.

नंतर चौकशी समिती आली. समितीने नोंद तपासली, आकडा अचूक होता असं लिहिलं आणि मास्तरांना चक्क प्रशस्तिपत्र दिलं. मास्तरांनी ते घरी नेऊन चुलीत घातलं. आकडा बरोबर होता, आणि त्या बरोबर आकड्यानेच वहिनी गेली होती; हे ते कुणाला सांगणार? दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन हातात घेतल्यावर त्यांच्या तोंडून आपसूक वीस जास्त निघालं. तेव्हापासून निघतच राहिलं, आणि नदी फुगली की तासाची वाट न बघता ते दर पाच मिनिटांनी फोन करू लागले. त्यांनी हे बायकोला सांगितलं नाही, थोरल्या भावालाही नाही. मनातल्या मनात ते म्हणत, पूर येवो न येवो, माझ्या आळीला वीतभर आधी कळलं पाहिजे.

आणि आता हे सगळं उघडं पडणार होतं.

मदत गावाला नवीन नव्हती. मोठा पूर येऊन गेला की कुठल्या ना कुठल्या देशाची जीप येऊन उभी राहायची. एका वर्षी लोकरीचे जाडजूड कोट आले. इथल्या उकाड्यात ते कोण घालणार? शेवटी बकऱ्यांच्या कामी आले. एका वर्षी पाणी शुद्ध करायचं यंत्र आलं. सोबत आलेलं माहितीपुस्तक कुठल्या भाषेत आहे हेच शेवटपर्यंत कुणाला समजलं नाही, तेव्हा ते यंत्र अजून शाळेच्या पडवीत पडून आहे. पण या वेळची मदत निराळी होती. ती पूर येऊन गेल्यावर नाही, येण्याआधी मिळणार होती. खालच्या आळीला पक्का बांध आणि चढावर दुमजली निवारा, आळीतली सगळी दोनशे घरं मावतील एवढा. देणाऱ्या देशाची एकच अट होती. बांध किती उंच बांधायचा हे जुन्या नोंदींवरून ठरणार. तेव्हा त्या नोंदी विश्वासाच्या आहेत का, हे आधी पारखून घ्यायचं. विश्वासाच्या नसतील तर मदत दुसऱ्या नदीला जाईल. पुरात बुडणाऱ्या नद्यांची काही टंचाई नव्हती.

म्हणून महिन्यापूर्वी पुलाच्या कठड्याला एक पांढरी पेटी बसवण्यात आली. ती वरूनच पाण्याची पातळी मोजायची आणि आकडा परस्पर उपग्रहावरून पाठवायची. बसवायला आलेला इंजिनियर भला माणूस होता. जाताना मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काळजी नको काका. महिनाभर यंत्राचे आकडे आणि तुमचे आकडे ताडून बघायचे, बस. सगळी भिस्त तुमच्यावर आहे."

त्या वाक्याने मास्तरांची पाचावर धारण बसली. त्या दिवसापासून त्यांना जेवण गोड लागेना.

खरा आकडा सांगायचा त्यांनी एकदा प्रयत्नही केला. आदल्या संध्याकाळी दोन दहा सांगितलं होतं, सकाळी छाती घट्ट करून ते म्हणाले, "एक नव्वद."

फोनवर कंट्रोलच्या ताई होत्या. सव्वीस वर्षं त्याच होत्या. मास्तरांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण मास्तरांच्या मुलीचं लग्न ठरल्याचं बायकोच्या पाठोपाठ ताईंनाच कळलं होतं, आणि ताईंच्या यजमानांचं ऑपरेशन झालं तेव्हा मास्तर आठवडाभर आकड्याआधी त्यांची चौकशी करत होते.

त्या दिवशी ताईंनी रजिस्टरचं पान उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "मास्तर, पुन्हा एकदा बघून येता का?"

मास्तर पायऱ्या उतरून गेले, पट्टीकडे न बघताच वर आले आणि म्हणाले, "दोन दहा."

"हं, आता जुळतंय," ताई म्हणाल्या.

त्यानंतर मास्तरांनी पुन्हा तसलं धाडस केलं नाही. आज सकाळी मात्र शेवाळ घासता घासता त्यांचं ठरलं होतं. यंत्राने आपल्याला खोटं पाडावं त्यापेक्षा आपणच उभं राहून सांगायचं. नोकरी गेली तर जाऊ दे, सहा महिनेच उरलेत. पाया पडून सांगायचं, खोटा मी आहे, नदी खोटी नाही, आळीतली माणसं खोटी नाहीत, त्यांचा बांध अडवू नका.

"असे काय चेहरा पाडून बसलात?" बायकोने चहा पुन्हा गरम करून पुढे ठेवला. "तपासायला येतायत, फासावर द्यायला नाही."

"तुला नाही कळायचं."

"नाहीच कळायचं. सत्तावीस वर्षं नेमाने आकडा सांगणाऱ्या माणसाने तपासणीला का घाबरावं, हे मला मेलीला काय कळणार?"

मास्तरांनी चहा घशाखाली लोटला आणि उठले.

बैठक शाळेत होती. शाळेला सुट्टी होती, तेव्हा दुसरीचा वर्ग उघडून दिला होता. परदेशातून आलेली तज्ज्ञ बाई चांगली सहा फुटी होती आणि दुसरीच्या बाकावर बसल्यामुळे तिचे गुडघे हनुवटीला लागत होते. पण तिची त्याबद्दल काही तक्रार दिसत नव्हती. शेजारी इंजिनियर, तिचं बोलणं आपल्या भाषेत सांगायला. आणि खिडकीपाशी, मांडीवर भलीमोठी पिशवी घेऊन एक भरभक्कम बाई बसली होती; केस पांढरे, पायात कॅनव्हासचे बूट.

"या मास्तर," ती बाई म्हणाली.

आवाज ऐकून मास्तर दारातच थबकले. हा किनरा, पोरसवदा आवाज सव्वीस वर्षं त्यांच्या कानात होता. त्या आवाजाला त्यांनी मनात एक काडीपैलवान, दोन वेण्यांची मुलगी चिकटवून ठेवली होती.

"ताई? तुम्ही?"

"मीच. बारीक होते हो एके काळी," ताई हसून म्हणाल्या. "रजिस्टरं मागवली होती यांनी. म्हटलं, स्वतःच घेऊन जावं. बसा."

ताईंसमोर बोलायचं? या बाईने सव्वीस वर्षं आपल्या शब्दावर विश्वास ठेवून पानंच्या पानं लिहिली. आपल्या खोट्याने तिचीही सगळी रजिस्टरं रद्दीत जाणार, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. ते बाकाच्या टोकाला कसेबसे टेकले.

परदेशी बाईने भिंतीवर एक लांब कागद लावला आणि बोलायला सुरुवात केली. इंजिनियर सांगू लागला, "मॅडम म्हणतात, या महिन्यातले यंत्राचे आकडे आणि कंट्रोलच्या रजिस्टरमधले आकडे त्यांनी एकावर एक ठेवून पाहिले..."

मास्तर ताडकन उभे राहिले. "थांबा. मला आधी बोलायचंय."

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"मास्तर, बसा," ताई म्हणाल्या.

"नाही ताई, हे मला सांगितलंच पाहिजे. या आकड्यांचं असं आहे..."

"मास्तर." ताईंचा आवाज एकदम कामावरचा झाला. वादळात फोनची लाइन खरखरू लागली की त्या ज्या आवाजात बोलत, तोच हा. "आधी पलीकडचं ऐकून घ्यायचं. मग आपलं सांगायचं. बसा बघू."

सव्वीस वर्षांची सवय. मास्तर बसले. हात मात्र त्यांनी मांडीखाली दाबून धरले.

"तर," इंजिनियर पुढे म्हणाला, "ही निळी रेघ यंत्राची. ही लाल रेघ काकांची."

मास्तरांनी मान वर केली. कागदावर त्यांना एकच रेघ दिसत होती, जांभळट. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. नीट पाहिलं तेव्हा कुठे निळ्याच्या कडेने लालाची किनार दिसली.

"एखाददुसऱ्या सेंटीमीटरचा फरक आहे," इंजिनियर म्हणाला. "म्हणजे नाहीच. काका, मॅडम म्हणतात, आजवर बारा देशांत त्यांनी हे काम केलंय, पण माणसाच्या डोळ्याने घेतलेले इतके अचूक आकडे कुठे पाहिले नाहीत."

मास्तरांना काही सुधरेना. क्षणभर वाटलं, यंत्राचंच डोकं फिरलंय; तेही बिचारं पुलावर राहून वीतभर जास्त सांगायला शिकलंय. पण इंजिनियर थांबला नव्हता. जुने पूरही त्यांनी ताडून पाहिले होते. पोस्टाच्या भिंतीवर, गिरणीच्या दारावर, याच शाळेच्या जिन्यावर लोकांनी पुराच्या रेघा ओढून साल लिहून ठेवलं होतं. त्या रेघांची उंची मोजली, रजिस्टरं उघडली. तीही जुळली. एकूण एक.

मास्तरांनी ताईंकडे पाहिलं. ताई खिडकीबाहेर बघत होत्या.

"फक्त एक गोष्ट मॅडमना कळत नाहीये," इंजिनियर म्हणाला. "नियम असा की पाणी सहा मीटरला गेलं की भोंगा. त्या पहिल्या मोठ्या पुरानंतर इथे नऊ पूर आले. नऊही वेळा भोंगा पाच ऐंशीलाच वाजलाय. रजिस्टरमध्ये वेळ लिहिलेली आहे, पातळीही लिहिलेली आहे. प्रत्येक वेळी वीस सेंटीमीटर आधी. असं का?"

परदेशी बाई पेन्सिल हातात धरून वाट बघत होती.

"ते माझ्यामुळे," ताई म्हणाल्या. "बटण माझ्या हातात आहे ना. मी जरा घाबरट आहे. सहापर्यंत थांबायचा मला धीर होत नाही."

"म्हणजे तुम्ही नियम मोडलात?"

"मोडला. नऊ वेळा. रजिस्टरमध्ये आहेच की, मी काही लपवून ठेवलेलं नाही. कुणी वाचलं नाही त्याला मी काय करू?"

इंजिनियरने हे कसं सांगावं याचा जरा विचार केला आणि मग सांगितलं. परदेशी बाईने ताईंकडे टक लावून पाहिलं. मग तिने आपल्या वहीची चार पानं मागे उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि हळूहळू बोलत राहिली. इंजिनियर ऐकत गेला तसा त्याचा चेहरा बदलत गेला.

"मॅडम म्हणतात, पाच ऐंशीपासून सहापर्यंत चढायला या नदीला साधारण चाळीस मिनिटं लागतात. आणि सहाला आळीतून वर येणारा रस्ता पाण्याखाली जातो. म्हणजे नियमाप्रमाणे भोंगा वाजला असता तर लोक घराबाहेर पडेपर्यंत रस्ताच उरला नसता. नऊ पुरांत या आळीतलं एकही माणूस दगावलेलं नाही, हे त्यांना पहिल्यापासून कोडं होतं." वहीकडे बघून तो म्हणाला, "त्या विचारतायत, सहाचा नियम केला कुणी?"

"जुन्या कागदांत आहे," ताई म्हणाल्या. "कोण जाणे कुणी केला. आळी न बघता केला असणार."

परदेशी बाई हे ऐकून प्रथमच हसली. तिने वहीत काहीतरी लिहिलं, खाली दोनदा रेघ ओढली आणि वही इंजिनियरपुढे सरकवली. बांधाची आणि निवाऱ्याची शिफारस ती आजच पाठवणार होती. आणि भोंग्याची पातळी यापुढे नियमानेच पाच ऐंशी.

"एकही नाही?" मास्तरांनी विचारलं. "नऊ पुरांत?"

"एकही नाही, काका."

ही गोष्ट काही त्यांना नवीन नव्हती. आळीतलं कोण गेलं आणि कोण राहिलं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पण कागदावर मोजून, परक्या माणसाच्या तोंडून ती त्यांनी कधी ऐकली नव्हती. त्यांनी मांडीखालून हात काढले आणि तोंडावरून फिरवले. दुसरीच्या त्या वर्गात, तिघांदेखत, पाणीमास्तर लहान मुलासारखे रडले. परदेशी बाईने गडबडून पाण्याची बाटली पुढे केली.

सगळं आवरून मास्तर बाहेर आले तेव्हा पडवीत ताई त्या पाणी शुद्ध करायच्या यंत्रावर बूड टेकून बसल्या होत्या.

"कधीपासून?" मास्तरांनी विचारलं.

"मी लागले त्या वर्षीपासून. तुम्हाला टायफॉइड झाला होता, आठवतंय? आठ दिवस वहिनींनी फोन केला."

मास्तरांना आठवलं. बायकोला पट्टी वाचायला त्यांनीच अंथरुणातून शिकवलं होतं. दिसेल तो आकडा सांग, एवढंच बोलले होते. वीतभर वाढव म्हणून तिला कोणत्या तोंडाने सांगणार?

"वहिनींनी पहिला आकडा सांगितला आणि नदी एका रात्रीत वीतभर खाली गेली," ताई म्हणाल्या. "आठ दिवस खालीच राहिली. तुम्हाला बरं वाटलं त्या सकाळी पुन्हा वीतभर वर. भर उन्हाळ्यात! मी म्हटलं, नदीला मास्तरांच्या तापाचं काय पडलंय? मग रविवारी बस पकडून आले, पुलावरून पट्टी बघितली आणि तशीच परत गेले. तेव्हापासून वीस वजा करून लिहीत आले. आधीच्या सहा-सात महिन्यांचं लाल शाईने दुरुस्त केलं."

"मला बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही थांबला असता. वर कळवलं असतं तर त्यांनी तुम्हाला काढलं असतं." ताईंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला आणि सोडला. "मी कामावर आले तेव्हा रजिस्टरमध्ये पुराचं पान होतं, मास्तर. पाच शहाण्णव. त्याखाली भोंग्याची वेळ नाही. आणि त्याखाली अकरा नावं. त्यात तुमचं आडनाव होतं. मला एवढं कळलं की आकडा खरा हवा, आणि भोंगा तुमचा हवा. म्हणून लिहिताना खरा लिहिला. बटण दाबताना तुम्ही सांगितलेला धरला. तुम्ही सहा म्हणालात की दाबलं."

मास्तर म्हणाले, "आणि त्या दिवशी मी खरं सांगितलं, तर तुम्ही मला परत पाठवलंत!"

"मग काय करू? न सांगता सवरता खरं बोललात! माझ्या हिशेबाने नदी आटली की हो." ताई खळखळून हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "या महिन्याअखेर मी निवृत्त होतेय. माझ्या जागी बदलून एक बाई आल्यात. हाच घोर लागला होता मला. म्हणून आज स्वतः आले. आता पाच ऐंशी नियमातच बसलंय. तुमची वीत आता गावाची झाली. तुम्ही ती सोडा."

शाळेच्या घड्याळात बाराला दहा कमी होते. मास्तरांनी ताईंची पिशवी उचलली आणि दोघं पुलाकडे निघाले.

कोठडीपाशी बायको डबा घेऊन उभी होती. मास्तरांचे लाल डोळे बघून तिने डबा खाली ठेवला. "काय हो? काय म्हणाले?"

"मंजूर झालं. बांधही आणि निवाराही," मास्तर म्हणाले.

"मग रडलात कशाला?" असं म्हणता म्हणता तिचाच जीव भांड्यात पडला आणि ती कट्ट्यावर बसली. या परक्या बाई कोण, हे कळल्यावर तर तिने ताईंचे दोन्ही हात धरले.

"वहिनी, तुमचे उपकार आहेत," ताई म्हणाल्या. "ते आठ दिवस तुम्ही अगदी खरे आकडे दिलेत."

"अगं बाई, मग आणि कसले देणार?" बायको म्हणाली.

मास्तर आणि ताई दोघंही हसू लागले आणि बायको आळीपाळीने दोघांकडे बघत राहिली. मग मास्तर पायऱ्या उतरून खाली गेले. घासलेली पट्टी उन्हात लख्ख दिसत होती. पाणी एक बहात्तरच्या रेघेला टेकलं होतं. त्यांनी दोनदा पाहिलं. मनात एक ब्याण्णव आलं. त्यांनी ते येऊ दिलं आणि जाऊ दिलं. वर येऊन कोठडीतला फोन उचलला. ताई दाराशी उभ्या राहिल्या.

"नमस्कार," पलीकडे नव्या बाईंचा जाडसर आवाज. "सांगा सर."

मास्तरांनी एक हात टेबलाला धरला. सव्वीस वर्षांपूर्वी, प्रशस्तिपत्र चुलीत घातल्याच्या दुसऱ्या दिवशी, ते याच टेबलाशी असेच उभे होते.

"एक बहात्तर."

"एक बावन्न. लिहिलं."

मास्तर रिसीव्हरकडे बघतच राहिले. "अहो, एक बहात्तर म्हणालो मी."

"हो हो, ऐकलं सर." बाई जरा घुटमळल्या. मग आवाज खाली आणून, एखादी खासगी गोष्ट सांगावी तशा म्हणाल्या, "ताईंनी सांगितलंय. पुलावरचा आकडा आला की आधी वीस वजा करायचे, मग लिहायचं. आणि का म्हणून विचारायचं नाही."

दाराशी ताईंनी कपाळावर हात मारून घेतला. "कालच दुपारी शिकवलं मी तिला!"

मास्तरांना हसू फुटलं, आणि ते इतकं आलं की त्यांना बोलता येईना. पलीकडे नव्या बाई "हॅलो? सर? हॅलो?" करत राहिल्या.

"वजा करू नका बाई," ते कसेबसे म्हणाले. "आजपासून नको. पट्टीवर जे आहे तेच सांगतोय."

"नक्की?"

"नक्की."

"मग परत एकदा सांगा, सर."

मास्तरांनी डोळे पुसले, टेबलावरचा हात काढला आणि नीट उभे राहिले.

"एक बहात्तर."

"थांबा हं, खोडून लिहिते."

"लिहा, बाई," मास्तर म्हणाले. "सावकाश लिहा. घाई नाही."